झाड हिरवंगार, पण सेटिंग नाही: उन्हाळी टोमॅटो आणि त्याची जनुकं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्नर तालुक्यात मामांच्या शेतावर गेले होते. टोमॅटोची लागवड फेब्रुवारीतली. तार-काठी झालेली, ड्रिप सुरळीत, झाडं कमरेच्या वर गेलेली आणि पानांना अशी काळोखी की बघत राहावं. पण मल्चिंगच्या कागदावर पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. सात-आठ फुलांच्या घोसात एखादंच फळ, तेही सुपारीएवढं होऊन थांबलेलं.

"झाडाला काही झालेलं नाही गं," मामा म्हणाले. "पाणी कमी नाही, खत कमी नाही. सेटिंगच होत नाही. बियाण्याच्या पुडीवर तर लिहिलंय, उन्हाळ्यात चालतं."

सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वळणारच होता. आणि खरी मेख त्या 'चालतं' या शब्दातच आहे. उन्हाळ्यात काय चालतं, झाड की फूल? टोमॅटोत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस अंशांत झाड तगवणारी जनुकं आणि त्याच उन्हात फळ धरायला लावणारी जनुकं बरीचशी निराळी असतात. एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही. हे कळलं की पुडीवरच्या त्या एका ओळीवर कुणी विसंबून राहणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गळालेलं एखादं फूल उचलून त्याचा देठ बघा. मध्यावर बोटाच्या पेरासारखी एक गाठ दिसते. फूल तुटतं ते इथेच, ब्लेडने कापल्यासारखं साफ. कोवळ्या फळाकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठातून वाहत असतं, तोवर ही गाठ घट्ट राहते. फलन झालं नाही की तो ओघ आटतो, गाठीतल्या पेशी इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचं ऐकू लागतात, त्यांना एकमेकींशी जोडणारा थर विरघळतो आणि फूल सुटून खाली येतं. ही गाठच नसलेले टोमॅटोही आहेत. कॅलिफोर्नियाचे टोमॅटो-संशोधक चार्ल्स रिक यांना गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोत तसं जनुक मिळालं आणि यंत्राने तोडणी करायच्या वाणांत ते उतरवलं गेलं. पण गाठ नसली म्हणून उन्हाळ्यातलं फूल फळ होत नाही. परागसिंचन फसलेलं फूल देठावर लटकून राहील, एवढंच. फुलगळ हा शेवटचा टप्पा आहे. बिघाड त्याच्या किती तरी आधी झालेला असतो.

टोमॅटोचं फूल खाली तोंड करून लटकतं. पाकळ्यांच्या मधोमध परागकोश एकमेकांना चिकटून शंकूसारखी पिवळी नळी करतात. त्या नळीच्या आत फुलाचा मादी भाग, म्हणजे लांबट कुक्षीवृंत आणि त्याच्या टोकाला कुक्षी. परागकण नळीच्या आतल्या बाजूने सुटतात. वाऱ्याने फूल हललं किंवा भुंग्याने त्याला लटकून अंग थरथरवलं, की पराग झरतात आणि आपल्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. पंचवीस अंशांच्या आसपास हे सगळं बिनबोभाट चालतं. दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्री २१ च्या वर पारा रोज राहू लागला, की फळधारणा घसरते.

दोष नराकडे की मादीकडे, हे शोधायला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एक नेटका प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली छापून आले. परागच न देणारी, म्हणजे नरवंध्य झाडं एकीकडे आणि पराग देणारी झाडं दुसरीकडे अशी वेगवेगळ्या तापमानांत वाढवली आणि मग एकाचे पराग दुसऱ्यावर घातले. सर्वांत जास्त नुकसान झालं ते पराग देणारं झाड उष्णतेत वाढलं तेव्हा. मादी भागालाही ऊन बाधतं, पण आधी हात टेकतो तो पराग.

आणि तो कधी बिघडतो, हे ऐकून मामांनाही नवल वाटलं. फूल उमलायच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी. त्या वेळी कळी अगदी बारीक, हिरवी असते, कुणी तिच्याकडे पाहतही नाही. आत परागकोशात पेशींचं अर्धसूत्री विभाजन चालू असतं, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या सुटून प्रत्येक परागकणात एकेरी संच जात असतो. कोवळ्या परागांना खाऊ घालणारं अस्तरही तेव्हाच कामाला लागलेलं असतं. उष्णतेचा घाव इथे बसतो. मामांनी बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे आज गळतंय ते रामनवमीच्या उन्हाचं?" अगदी तसंच.

परागकणाला शिदोरी लागते. कुक्षीवर पडल्यावर त्याला नळी काढून अंडाशयापर्यंत जायचं असतं, आणि त्यासाठीची साखर तो पिष्टाच्या रूपात आधीच साठवतो. २००२ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की दिवसा ३२ आणि रात्री २६ अंशांत वाढलेल्या झाडांच्या परागांत हा साठा नीट होतच नाही. उष्णता सहन करणाऱ्या वाणांचे पराग मात्र साखर बऱ्यापैकी राखून असतात. रात्रीचा पारा इतका महत्त्वाचा का, त्याचं एक कारण इथे सापडतं. रात्री झाड साखर तयार करत नाही, फक्त खर्च करतं, आणि रात्र जितकी गरम तितका श्वसनाचा खर्च वाढतो. दुपारचं ऊन सगळ्यांना दिसतं. घामाघूम रात्र टोमॅटोलाही बाधते, हे सहसा लक्षात येत नाही.

आता पेशीच्या आत जाऊ. अंडं उकडल्यावर पांढरं का होतं? पाण्यासारखी प्रथिनं उष्णतेने उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि गोळा होतो. पेशीतही थोड्या प्रमाणात हेच घडू लागतं. त्यावर सजीवांकडे फार जुना उपाय आहे. १९६२ साली इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी अचानक फुगवटे आलेले पाहिले. कारण शोधलं तर उबवणपेटीचं तापमान चुकून वाढलेलं होतं. त्या फुगवट्यांच्या जागी जनुकं जोरात चालू झाली होती. त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांना पुढे 'हीट शॉक प्रोटीन' नाव पडलं, थोडक्यात एचएसपी. माशीत, माणसात, टोमॅटोत, सगळीकडे ही आहेत. एचएसपी ७०, ९०, १०१ अशा नावांतला आकडा हा त्या प्रथिनाच्या वजनाचा. कुणी उलगडू लागलेल्या प्रथिनाला धरून ठेवतं, कुणी पुन्हा घडी घालून देतं, तर १०१ नंबरचं प्रथिन गोळा झालेल्यांचा गुंता सोडवतं.

पण उष्णता वाढली हे जनुकांना कळतं कसं? ही यंत्रणा मला फार आवडते. एचएसएफ नावाची प्रथिनं ही जनुकं चालू करतात. टोमॅटोत त्यांचं पंचवीसेक जणांचं कुटुंब आहे. एरवी एचएसपीच त्यांना धरून बसवतात. पेशी तापली आणि इतर प्रथिनं उलगडू लागली, की एचएसपी हातातलं सोडून तिकडे धावतात. मोकळे झालेले एचएसएफ तिघे-तिघे एकत्र येतात, डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि नव्या एचएसपींची घडण सुरू होते. काम आटोपलं की एचएसपी परत येऊन त्यांना धरतात. बसायची ती जागा म्हणजे जी-ए-ए आणि तिचं उलटं रूप टी-टी-सी अशी अक्षरं थोड्या-थोड्या अंतराने आलेला एक छोटा तुकडा. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या कुटुंबात कर्ता कोण, हे जर्मनीत फ्रँकफर्टच्या संशोधकांनी २००२ साली टोमॅटोतच दाखवलं. एचएसएफ-ए१ हे एकच जनुक गप्प केलं तर बाकी सगळी भावंडं असूनही रोपं आणि फळं उष्णतेत टिकेनात. त्याच्या हाताखालचं ए२ हे परागासाठी विशेष मोलाचं. २०१६ साली त्याच शहरातल्या संशोधनात ए२ दाबलेल्या झाडांवर अर्धसूत्री विभाजनाच्या सुमारास उष्णता सोडली, तर पराग बराच मेला. तीच उष्णता पिकलेल्या परागावर सोडली तेव्हा ए२ नसल्याने तितका फरक पडला नाही. म्हणजे ए२ची राखण हवी ती नेमकी त्या बारीक, हिरव्या कळीत.

एवढ्यावर भागलं असतं तर पैदासकारांचं, म्हणजे नवे वाण काढणाऱ्यांचं काम सोपं होतं. पण धडधाकट परागसुद्धा कुक्षीपर्यंत पोचला पाहिजे. मामांच्या प्लॉटवर मी जी फुलं जवळून पाहिली, त्यांतल्या बऱ्याच फुलांत पिवळ्या शंकूच्या तोंडातून हिरवट टाचणी बाहेर डोकावत होती. ती कुक्षी. पराग नळीच्या आत झरणार आणि ही बाहेर निघून उन्हात सुकणार. बऱ्याच रानटी टोमॅटोंत ती मुळातच बाहेर असते, कारण त्यांना दुसऱ्या झाडाचा पराग हवा असतो. माणसाने टोमॅटो माणसाळवला तेव्हा आखूड कुक्षीवृंताची झाडं निवडली गेली. त्यामागचा बदल 'स्टाइल २.१' नावाच्या जनुकात आहे, हे २००७ साली सिद्ध झालं. उन्हाळ्यात ही जुनी खोड पुन्हा वर येते, पण रस्ता वेगळा असतो. जॅस्मोनिक आम्ल नावाचं संप्रेरक कमी पडतं, त्यामुळे पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग, जास्त आखडतात आणि कुक्षी बाहेर राहते. या गुणाला परागाच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही. त्याची जनुकं वेगळी, गुणसूत्रावरची जागाही वेगळी.

तिसरी बाजू रंगद्रव्यांच्या कुळातली. उष्णतेत पेशीत ऑक्सिजनची जळजळीत रूपं साचतात, ती परागनळी फोडतात. फ्लॅव्होनॉल नावाची द्रव्यं त्यांना शमवतात. २०१८ साली वेक फॉरेस्ट विद्यापीठात फ्लॅव्होनॉल कमी असलेला टोमॅटो तपासला. त्याचे पराग उष्णतेत लवकर हरत होते, आणि फ्लॅव्होनॉल पुरवल्यावर सावरत होते.

चौथा मार्ग तर परागालाच वळसा घालतो. काही टोमॅटो फलनाविनाही फळ धरतात, बिनबियांचं. 'पॅट-२' हे त्यातलं जुनं जनुक. २०१७ साली इस्रायलमध्ये उन्हातही फळ देणारी झाडं निवडताना एक उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेलं झाड सापडलं. त्याचं 'एजीएल६' नावाचं जनुक बंद पडलेलं होतं. एरवी हे जनुक अंडाशयाला फलन होईपर्यंत थांबवून धरतं. ते नसलं की अंडाशय वाट न पाहता वाढू लागतो. थंडीत हेच झाड बियांची नेहमीची फळंही देतं. मला यात सर्वांत जास्त आशा वाटते, कारण इथे परागाच्या दहा नाजूक पायऱ्या सांभाळण्याऐवजी एकच दार उघडावं लागतं.

आता वारशाचं गणित. टोमॅटोत गुणसूत्रांच्या १२ जोड्या आणि सुमारे ३५ हजार जनुकं. पूर्ण जनुकसंच २०१२ साली वाचून झाला. त्यातलं पाचवं गुणसूत्र वाचायचं काम भारतातल्या संशोधकांकडे होतं. पर्णगुच्छाच्या विषाणूला रोखणारं 'टीवाय-२'सारखं एकेक दणकट जनुक रानटी टोमॅटोतून वाणात आणता येतं. उष्णता सहनशीलतेत तसं एक जनुक नाही. परागाची संख्या, त्याचा जिवंतपणा, कुक्षीची लांबी, घोसातली फुलं, या प्रत्येकाला हातभार लावणारे तुकडे गुणसूत्रांवर विखुरलेले आहेत. समजा असे पाच तुकडे हवेत, आणि प्रत्येकाच्या दोन्ही प्रती चांगल्या हव्यात. संकराच्या दुसऱ्या पिढीत एका तुकड्यासाठी शक्यता चारात एक, पाचांसाठी १,०२४ झाडांत एक. शिवाय त्यातले काही गुण अप्रभावी असतात, म्हणजे संकरित बियाणं करायचं तर ते आई-बाप दोघांतही असायला हवेत. एका बाजूने आणून भागत नाही.

त्यातही डोळ्यांनी निवड करणं फसवं ठरतं. एकाच वाणाची दोन झाडं, एकाला बांधावरच्या शेवग्याची सावली, दुसऱ्याचा ड्रिपर अर्धा तुंबलेला. त्यांची सेटिंग वेगळी दिसणार आणि त्यात जनुकांचा काही संबंध नसणार. फळधारणेवर परिस्थितीचा पगडा एवढा असतो की चांगलं झाड निवडलं असं वाटतं आणि पुढच्या पिढीत गुण गायब. म्हणून आता पैदासकार एकूण फळधारणेऐवजी तिचे घटक सुटे मोजतात आणि त्यांच्या जवळच्या डीएनए खुणा बघून रोपवाटिकेतच निवड करतात.

तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने १९७० च्या दशकात चार हजारांवर टोमॅटो नमुने गरम हंगामात लावून पाहिले. नीट फळ धरणारे शेकडा एकसुद्धा निघाले नाहीत. मूळ घर अँडीजच्या कुशीत असलेल्या या पिकाची माणसाने इतक्या वेळा चाळणी केली, की आपल्या शेतातल्या टोमॅटोत रानटी भाऊबंदांच्या विविधतेचा अगदी थोडा वाटा उरला आहे. त्या केंद्राने काढलेल्या सीएल-५९१५ सारख्या ओळी, म्हणजे पैदाशीसाठी राखलेले वाण, आजही उष्णता सहनशीलतेसाठी संकरात वापरल्या जातात. आपल्याकडे दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा सदाबहार' थंडीत आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे फळ धरण्यासाठी काढलेला. पण उष्णतेत चांगलं धरणाऱ्या बहुतेक ओळींची फळं लहान असतात, आणि नारायणगावच्या बाजारातून लांब जाणाऱ्या क्रेटला मोठं, कडक फळ लागतं. झाडाकडे साखर ठरावीक. ती चाळीस लहान फळांत वाटायची की पंधरा मोठ्या, हा प्रश्न जनुकांनाही चुकत नाही.

उष्णता आणखी कुठे-कुठे पोचते त्याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना अडवणारं 'एमआय' हे जनुक १९४० च्या दशकात रानटी टोमॅटोतून आणलं गेलं आणि जगभर वापरलं जातं. जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते काम करेनासं होतं. जनुक जागेवरच असतं, बियाणं अस्सल असतं, तरी मुळांना गाठी येतात. आणि उन्हाळी टोमॅटो लाल व्हायच्या ऐवजी पिवळट-केशरी राहतो, तेही असंच. तीस-बत्तीस अंशांपुढे लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, केशरी बीटा-कॅरोटीन मात्र बनत राहतं.

आता तो जी-ए-एचा तुकडा. परागाला आणि कोवळ्या फळाला साखर पोचवायला 'लिन-५' नावाचं जनुक लागतं. ते साखर आत घेण्याजोगी फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतं. उष्णतेत ते मंदावतं. चीनमधल्या संशोधकांनी या जनुकाच्या तोंडाशी फक्त दहा अक्षरांचा तो उष्णता-खटका बसवला. काम इतकं नेमकं, की बाहेरचं जनुक आणावंच लागलं नाही, टोमॅटोच्या स्वतःच्याच जनुकाला टोमॅटोचाच खटका. आता उष्णता वाढली की मोकळे झालेले एचएसएफ तिथेही जाऊन बसतात आणि एरवी ज्या वेळी साखरेचा पुरवठा आटायचा, त्याच वेळी तो वाढतो. उष्णतेत प्रत्येक झाडाचं उत्पादन पाव हिश्शाहून जास्त वाढलं. भातातही ही युक्ती चालली. भारतात बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा जनुक-संपादनासाठी २०२२ साली नियम सैल झाले आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. टोमॅटोसाठीही हेच काम आपल्या विद्यापीठांत, आपल्या उन्हात आणि आपल्या वाणांवर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण राहुरीच्या किंवा जुन्नरच्या एप्रिलमधल्या रात्री परदेशातल्या काचघरात जशाच्या तशा उभ्या राहत नाहीत.

मामांच्या शेताच्या कडेला शेजाऱ्यांकडून आलेल्या दुसऱ्या वाणाच्या दोन ओळी होत्या. निघण्याआधी मामांना एक साधी गोष्ट दाखवली. सकाळी दहाच्या सुमारास मोबाइलची काळी काच उमललेल्या फुलाखाली धरायची आणि देठावर टिचकी मारायची. मोठ्या प्लॉटमधल्या फुलांतून काही पडेना. कडेच्या ओळीतल्या फुलातून काचेवर फिकट पिवळी पूड सांडली. मामांनी पुढची दहा-बारा फुलं स्वतः टिचकी मारून पाहिली.

पूड पडली म्हणजे पराग जिवंत आहे असं नव्हे. म्हणून दोन्हींची फुलं वेगवेगळ्या डब्यांत घालून कॉलेजात आणली, काचपट्टीवर झटकली आणि त्यावर ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकला. धडधाकट पराग तो रंग धरतो. मोठ्या प्लॉटच्या पट्टीवर बहुतेक दाणे सुरकुतलेले, रंग न धरलेले. कडेच्या ओळीच्या पट्टीवर गोल, लालबुंद दाणे बऱ्यापैकी होते. संध्याकाळी मामांना फोन करून सांगितलं.

"फळ बारीक आहे गं त्याचं," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी अर्धा एकर तेच लावून बघतो. क्रेटात किती दिवस टिकतंय ते कळेल."